रंगवण्याआधी घेऊन ये

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी येणारा पाहुणा कपाटावरचं जहाज बघतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "शिडं कधी लावणार?" जहाज म्हटलं की लोकांना डोलकाठ्या दिसतात, फुगलेली शिडं दिसतात, तोफा दिसतात. माझ्या जहाजाला यातलं बराच काळ काही नव्हतं. ते उलटं, पालथं पडलेलं असायचं, परातीसारखं. एका बाईंनी तर सरळ विचारलं होतं, की ही कसली पाटी हो? आज मी बोलणार आहे ते या पालथ्या भागाबद्दलच. जहाजाच्या पोटाबद्दल. त्यावर फळ्या कशा बसवतात आणि रंग कसा देतात, आणि त्यात माझी कशी फजिती झाली त्याबद्दल.

मी नोकरीत ड्राफ्ट्समन होतो. जन्म सरळ रेषा काढण्यात गेला. २००९ साली निवृत्त झालो आणि ठरवलं, की आता लाकडाचं एक जहाज करायचं, पण खेळणं नाही, नकाशाबरहुकूम मॉडेल. जहाज कुठलं, हे मनात आधीच ठरलेलं होतं. इंग्लंडच्या हार्टलपूल गावात आजही पाण्यावर तरंगणारं एक लढाऊ जहाज आहे, एचएमएस ट्रिंकोमाली. नाव श्रीलंकेतल्या बंदराचं, आरमार इंग्रजांचं, पण बांधणी मुंबईची. जमशेटजी बमनजी वाडिया या पारशी उस्तादानं आपल्या मुंबईच्या गोदीत, मलबारी सागवानात हे जहाज बांधलं. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरलं. पारशी रिवाजाप्रमाणे त्याच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकलेला होता. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडात ओकच्या लाकडाची टंचाई झाली होती, म्हणून हे काम इकडे आलं. गंमत म्हणजे या जहाजाचा मूळ घाट फ्रेंच. १७८२ साली इंग्रजांनी 'एबे' नावाचं फ्रेंच जहाज पकडलं आणि त्याच्या पोटाची वळणं त्यांना इतकी आवडली, की त्यावरून त्यांनी एक अख्खी मालिका बांधली. ट्रिंकोमाली त्यातलीच. त्याचे पहिले नकाशे मुंबईला निघाले 'जावा' नावाच्या जहाजातून. ती जावा अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'नं २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ गारद केली. नकाशे गेले. पुन्हा नवे पाठवावे लागले. ड्राफ्ट्समन माणसाला या गोष्टीचं दुःख जरा जास्तच होतं.

इंग्लंडच्या ग्रीनिच इथल्या सागरी संग्रहालयात त्या काळच्या आरमारी जहाजांचे मूळ नकाशे आहेत आणि त्यांच्या प्रती विकत मिळतात. भाच्यानं तिकडून एक संच आणून दिला. जहाज दीडशे फुटांचं. मी प्रमाण धरलं चौसष्टास एक. म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट माझ्याकडे पावणेपाच मिलिमीटर, आणि अख्खं जहाज अठ्ठावीस इंच. आमच्या हॉलमधल्या कपाटावर नेमकं मावेल एवढं.

आता सांगाडा. माशाचा काटा डोळ्यांपुढे आणा. मधला लांब कणा, आणि त्याला ठरावीक अंतरावर आडवे पडदे. प्लायवूडच्या पाटीतून हे पडदे कापायचे. प्रत्येकाचा आकार वेगळा. मधला पडदा पोटभर रुंद, पुढे जाल तसा निमुळता होत इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आणि मागे पेल्याच्या घाटाचा. यावर लाकडाच्या चार मिलिमीटर रुंदीच्या पातळ पट्ट्या पुढून मागे चिकटवत जायच्या. सगळ्या बसल्या की झालं जहाजाचं पोट. ऐकताना सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

पहिली चूक सागवानाची. खरं जहाज सागाचं, तेव्हा मॉडेलही सागाचंच, असा माझा हट्ट. सागासारखं लाकूड नाही हे खरंच. त्यातल्या तेलामुळे ते कुजत नाही आणि लोखंडी खिळ्यांनाही खात नाही. ओकचा आंबटपणा खिळे खातो. म्हणून तर मुंबईची जहाजं टिकली. पण हेच तेल फेव्हिकॉलला नीट धरू देत नाही. शिवाय सागाचे रेषे जाड आणि छिद्रं मोठी. दीडशे फुटांच्या जहाजावर ती दिसत नाहीत. अठ्ठावीस इंचांवर मात्र एकेक छिद्र म्हणजे खऱ्या जहाजावर बोटभर खड्डा. लाकूड लहान करता येतं, त्याचे रेषे लहान करता येत नाहीत. हे मला कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

दुसरी चूक याहून मोठी. मला काम लवकर दिसायला हवं होतं. म्हणून मी तीन रविवारांत डावी बाजू पूर्ण फळ्यांनी झाकली आणि मग उजवीकडे वळलो. फळी वाकवून चिकटवली की ती सरळ व्हायला बघते, गोंद सुकताना आवळतो. एका बाजूच्या चाळीसेक पट्ट्या सांगाड्याला आपल्याकडे ओढत होत्या आणि दुसरीकडे त्यांना अडवायला काहीच नव्हतं. जहाज केळ्यासारखं वाकलं. फार नाही, तीन-चार मिलिमीटर. मी म्हटलं, चालेल.

तिसरी चूक पुढच्या टोकाची. मधल्या पडद्यावर कण्यापासून वरच्या काठापर्यंतचा घेर भरला एकशे शहात्तर मिलिमीटर. चार मिलिमीटरच्या चव्वेचाळीस पट्ट्या बरोब्बर बसतात. पुढच्या टोकाशी तोच घेर फक्त एकशे दहा. चव्वेचाळीस पट्ट्या तिथे बसवायच्या तर प्रत्येक पट्टी अडीच मिलिमीटर हवी. म्हणजे एकूण एक पट्टी पुढच्या टोकाकडे तासून अरुंद करायला हवी. हे गणित चौथीतल्या मुलाचं. पण मी ते केलं नाही, पट्ट्या तशाच रेटल्या. त्या एकमेकींवर चढल्या, काही मधेच थांबवाव्या लागल्या, काहींच्या कडा वर उचलल्या गेल्या. उरलेल्या फटींत लांबी भरली. रंगारी भिंतीला भरतात तशीच. पॉलिश पेपरनं घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. आणि त्यावर चकचकीत काळा ऑइलपेंट मारला. तोही जुलै महिन्यात. पाऊस धो धो, हवा ओली, रंग तीन दिवस चिकट राहिला आणि वाळला तेव्हा त्यावर दुधाळ साय आल्यासारखी झाली होती. पुन्हा घासून पुन्हा मारला.

तरी सांगतो, लांबून ते जहाज बरं दिसत होतं. शेजाऱ्यांनी कौतुक केलं. फोटो काढले.

दिवाळीत मी ते खोक्यात घालून मालवणजवळच्या आमच्या गावी नेलं, मामांना दाखवायला. 'दाखवायला' म्हणतो खरा, पण मामांची दृष्टी तेव्हा पाचेक वर्षांपूर्वीच गेली होती. काचबिंदू. आयुष्यभर त्यांनी होड्या बांधल्या. कागदावर रेघ न ओढता. किनाऱ्यावर माडाच्या सावलीत कणा मांडायचे, आणि मग डोळ्याच्या अंदाजानं एकेक वळण. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असायचो. ओली फळी दोन खुंट्यांवर ठेवून खालून सोडणाच्या आचेवर वाकवायची, मी तिच्यावर पाणी शिंपडायचो. फटीत कापूस ठोकायचा, राळ भरायची. वरून मुशीच्या तेलाचा हात. त्या तेलाचा वास दोन दिवस अंगाला राहायचा आणि आई मला पडवीत झोपवायची.

मामांनी जहाज मांडीवर पालथं घेतलं. दोन्ही तळवे पुढच्या टोकावर ठेवले, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि सावकाश मागे नेले. मग पुन्हा पुढे. पुन्हा मागे.

"एक हात आधी पोचता," ते म्हणाले. "दुसरो मागसून."

मी गप्प. वाकलेल्या जहाजाची एक बाजू दुसरीपेक्षा लांब झालेली होती. तीन-चार मिलिमीटर. नंतर त्यांचं बोट पुढच्या टोकाशी थांबलं. "हयसर काय भरलंस?"

"थोडी लांबी लावलीय, मामा."

"थोडी? फळ्यांपेक्षा लांबीच जास्त आसा रे." मग त्यांनी नखानं टकटक केलं, दोन इंच सरकून पुन्हा टकटक केलं. लाकडाचा आवाज वेगळा, लांबीचा वेगळा. मामी चहा घेऊन आल्या, त्या म्हणाल्या, "काय सुंदर काळो रंग दिल्यान, बघा तरी." मामा हसले. म्हणाले, "माका रंग काय सांगतस? पुढच्या खेपेक रंगवच्या आधी घेवन ये."

एवढंच. रागावले नाहीत. चहा घेतला, मासळीच्या गप्पा सुरू झाल्या. परतीच्या एसटीत खोकं मांडीवर होतं आणि मला ते उघडून बघवेना.

मंडळी, ते जहाज मी मोडलं. लोक हळहळले. पत्नी म्हणाली, अहो, कपाटावर असू दे की, कोण हात लावून बघतंय? तिचं बरोबर होतं. कोणी बघत नव्हतं. पण मला माहीत होतं ना. आणि बारकाईनं सांगायचं तर त्या काळ्या रंगानंच सगळं सांगितलं होतं, मीच बघत नव्हतो. चकचकीत काळ्या रंगावर संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की एकेक खळगा आणि एकेक कड उठून दिसायची. मी फक्त ते जहाज खिडकीपासून लांब ठेवत होतो.

दुसऱ्या जहाजाला चौदा महिने लागले. सगळं सांगत बसत नाही, पण दोन-चार गोष्टी सांगतो, कारण हे काम करू बघणाऱ्याला त्या उपयोगी पडतील.

फळी लावण्याआधी पडद्यांच्या कडा तासाव्या लागतात. पडदा सरळ कापलेला असतो, फळी मात्र त्यावर तिरकी येते. कड तिरकी केली नाही तर फळी नुसती धारेवर टेकते, बसत नाही. एक मोकळी पट्टी सगळ्या पडद्यांवर आडवी धरून बघायची, कुठे उचलते, कुठे दबते. या एका कामाला मला पाच आठवडे लागले. पाच आठवड्यांत दाखवण्यासारखं काहीही तयार झालं नाही. पहिल्या वेळी हे काम मी एका दुपारी उरकलं होतं.

या वेळी फळ्यांचे थर दोन. खालचा थर मऊ लाकडाचा, त्यावर वरचा एक मिलिमीटर जाडीचा. खालच्या थरात चुका होतात, त्या घासून काढता येतात, आणि वरच्या थराला सगळीकडे घट्ट आधार मिळतो. वरचा थर मी हळदूचा केला. काही जण याला हेद म्हणतात. पिवळसर, रेषा इतक्या बारीक की दिसतच नाहीत. पूर्वी गिरण्यांसाठी या लाकडाच्या बॉबिन्स व्हायच्या. परदेशात मॉडेलवाले बॉक्सवूड वापरतात, त्याच्या जवळ जाणारं आपल्याकडचं हेच. सागाचा हट्ट सोडला. फक्त कण्यात, आतल्या बाजूला, जुन्या दाराच्या सागाचा एक तुकडा घातला. चांदीचा खिळा काही घातला नाही.

आणि एक फळी डावीकडे लावली की तीच फळी उजवीकडे. लगेच. डावी, उजवी, डावी, उजवी. दिवसाला दोन जोड्या झाल्या तर पुष्कळ. प्रत्येक पट्टी आधी पेन्सिलनं खूण करून पुढे तासायची, कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, सोल्डरिंग आयर्नच्या गरम नळीवर वळण द्यायचं, सुकल्यावर जागेवर धरून बघायची आणि मगच गोंद. पट्टी अर्ध्याहून अरुंद करायची नाही, नाहीतर टोक सुईसारखं होतं आणि खऱ्या जहाजात अशा टोकात खिळा बसत नाही. तशी वेळ आली तर दोन फळ्यांच्या जागी एक घ्यायची. मागच्या बाजूला उलटं, तिथे घेर वाढतो, म्हणून दोन फळ्यांमध्ये पाचर घालावी लागते. खऱ्या गोदीतले सुतार हेच करत. फरक एवढाच, की त्यांची फळी चार माणसं उचलत आणि माझी कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवता येते. आमच्या घरात त्या वर्षी दोरीवरचे कपडे उडून खाली जात होते.

लांबी लागलीच नाही असं म्हणणार नाही. तीन ठिकाणी लागली. तिन्ही मला माहीत आहेत.

मामांकडे ते उघडं, पिवळं जहाज घेऊन गेलो. पुन्हा मांडीवर पालथं, पुन्हा दोन तळवे. बराच वेळ. मग तीनपैकी दोन ठिकाणी बोट थांबलं, तिसऱ्यावरून पुढे गेलं. मी काही बोललो नाही. ते म्हणाले, "आता मार रंग."

तर रंग. या जहाजांचा रंग म्हणजे एक वेगळंच प्रकरण आहे. नेल्सनच्या काळात इंग्रजी लढाऊ जहाजं काळी, आणि तोफांच्या रांगेवरून पिवळा पट्टा, तोफांच्या झडपा बाहेरून काळ्या. झडपा मिटल्या की बुद्धिबळाच्या पटासारखं दिसायचं. पुढे पिवळ्याच्या जागी पांढरा आला. हार्टलपूलची ट्रिंकोमाली आज काळ्यावर पांढरा पट्टा अशीच आहे. पिवळा म्हणजे तरी नेमका कोणता, यावरही वाद. नेल्सनच्या 'व्हिक्टरी'वरच्या रंगाचे जुने थर खरवडून तपासले, आणि २०१५ साली तिला जो रंग दिला तो आपल्याला माहीत असलेल्या गडद पिवळ्यापेक्षा पुष्कळ फिका, किंचित गुलाबीकडे झुकणारा निघाला. वर्षानुवर्षं गडद पिवळा लावून बसलेल्या मॉडेलवाल्यांची पंचाईत झाली असणार. मी पांढरा घेतला. वाद नको.

हळदूवर आधी लाखेच्या पॉलिशचा पातळ हात, म्हणजे रेषे उभे राहतात, ते घासून टाकता येतात. मग करडा प्रायमर. प्रायमर हा रंग नव्हे, ती तपासणी आहे. रात्री दिवे बंद करायचे आणि टॉर्च जहाजाच्या पोटाला जवळजवळ टेकवून आडवी धरायची. जे दिसायचं ते तेव्हा दिसतं. मामांच्या बोटांचं काम मी त्या टॉर्चकडून करून घेतलं, तरी एवढं नेमकं जमलं नाही. रंगाचे हात पातळ, चार-पाच, चकाकी नसलेले. आणि पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडायचं नाही. पांढरा आधी, काळा नंतर. फिक्यावर गडद बसतो, गडदावर फिका बसवायला चार हात जास्त लागतात. पट्ट्यासाठी मास्किंग टेप लावली, तिच्या कडेवर आधी पुन्हा पांढराच एक हात दिला. म्हणजे टेपखाली काही झिरपलं तर ते पांढरंच, आणि मग काळ्याला शिरायला जागा नाही.

पाण्याखालच्या भागाला रंग नाही, तांबं. लाकूड खाणारे समुद्री किडे आणि शेवाळ यांना अडवण्यासाठी इंग्रजांनी १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजाला पहिल्यांदा तांब्याचे पत्रे ठोकले. पुढे सगळ्या आरमाराला. पत्रा चार फूट लांब, चौदा इंच रुंद. माझ्या मापात एकोणीस मिलिमीटर बाय साडेपाच. तांब्याची चिकटपट्टी मिळते, ती कापून दोन्ही बाजू मिळून दीड हजारांवर तुकडे. मागून सुरू करायचं, पुढे सरकायचं, म्हणजे पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि पाणी कडेत शिरून पत्रा उचकटत नाही.

एक बाजू झाल्यावर मी तिसऱ्यांदा गावी गेलो. मामा तेव्हा फारसे उठत नव्हते. जहाज शेजारी खाटेवर ठेवलं. त्यांनी हात पुढून मागे फिरवला, तो सरळ गेला. मग मागून पुढे फिरवला, तो अडला. "खवलां," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा तसाच हात फिरवला. माशावरून फिरवावा तसा. पुढच्या टोकाशी, पहिल्या जहाजावर जिथे लांबी भरली होती नेमक्या त्या जागी, अंगठा थोडा वेळ दाबून धरला. "हयसर आता बरा आसा."

पुढच्या वर्षी मामा गेले.

हाताच्या घामानं तांबं डागतं. म्हणून मॉडेलवाले हातमोजे घालून काम करतात आणि वरून वार्निशचा हात देतात. मला माहीत होतं, पण त्या दिवशी मामांना हातमोजे कोण सांगणार? दोन महिन्यांनी खोकं उघडलं तेव्हा पुढच्या टोकाशी तीन पत्र्यांवर अंगठ्याचा ठसा उठला होता, तपकिरी, रेषान् रेषा स्पष्ट. दुसऱ्या बाजूचं तांबं मी नंतर पूर्ण केलं. वार्निश मात्र अजून दिलेलं नाही, डोलकाठ्या पुढच्या वर्षी.

परवा पितळेची भांडी घासता घासता पत्नीनं हॉलमध्ये डोकावून विचारलं, पितांबरी आहे हातात, तो डाग काढून देऊ का? मी म्हटलं, नको, राहू दे.